एका मेसेजने ॲप बंद पडत असेल तर: नवख्यांसाठी पायरी-पायरीने

चॅट उघडलं की ॲप बंद. पुन्हा उघडलं की यादी क्षणभर दिसते आणि परत बंद. फोन रीस्टार्ट केला तरी तेच. अशा वेळी बहुतेकांचा हात सगळ्यात आधी जातो तो 'अनइन्स्टॉल'कडे. तो हात थांबवावा, हाच हा लेख लिहिण्यामागचा माझा मुख्य हेतू आहे.

माझ्या एका मैत्रिणीने नेमकं हेच केलं होतं. ग्रुपवर एक विचित्र अक्षरांचा मेसेज आला, ॲप बंद पडू लागलं, तिने वैतागून ते काढून टाकलं आणि नव्याने टाकलं. ॲप सुरू झालं, पण बॅकअप होता आठ महिन्यांपूर्वीचा. मधले आठ महिने गेले ते गेलेच. तो मेसेज पाच मिनिटांत दुसऱ्या वाटेने काढता आला असता, आणि ती वाट तिला कुणी सांगितली नव्हती याचं मला आजही वाईट वाटतं.

आधी समजून घेऊ

या प्रकाराला 'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणतात, थोडक्यात 'डॉस'. यात कुणी तुमचे मेसेज वाचत नाही की पासवर्ड चोरत नाही. तुमची सेवा बंद पाडली जाते, एवढंच. पण मेसेजिंगमध्ये 'एवढंच' म्हणण्याइतकं ते लहान नसतं. ज्या माणसाचं काम, घर आणि अडीनडीचे सगळे निरोप एकाच ॲपवर चालतात, तो ॲप बंद पडल्यावर अक्षरशः तुटतो.

'डीडॉस' हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. त्यात हजारो यंत्रांवरून एकदम विनंत्यांचा मारा होतो. इथे माऱ्याची गरजच नसते, एक मेसेज पुरतो. ॲपच्या कोडमध्ये कुठेतरी एक चूक असते आणि तो मेसेज बरोबर त्या चुकीवर बोट ठेवतो. मग एकतर ॲप कोसळतं, नाहीतर मेमरी आणि प्रोसेसर एवढा खातं की फोन गोठतो.

खरी गोम पुढे आहे. मेसेज एकदा आला की तो फोनमधल्या डेटाबेसमध्ये साठवला जातो. ॲप सुरू होताना चॅटची यादी काढतं, यादीत प्रत्येक चॅटचा शेवटचा मेसेज दाखवतं, आणि तो दाखवायला गेलं की कोसळतं. मेसेज काढायला ॲप उघडावं लागतं आणि उघडलं की तोच मेसेज ॲपला पाडतो. रीस्टार्टने फरक पडत नाही तो यामुळेच.

साधा मेसेज एवढं कसं करू शकतो?

आपल्या लिपीच्या अगदी जवळचं उदाहरण घेऊ. 'ज्ञा' हे अक्षर आपल्याला एकच दिसतं, पण संगणकाच्या हिशेबी ते चार तुकड्यांचं असतं: ज, हलंताची खूण, ञ आणि काना. हे चार तुकडे जोडून एक आकृती काढायचं काम फोनमधली अक्षरजुळणीची यंत्रणा करते. फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतलं हेच 'ज्ञा' आयफोनला पाडू लागलं. त्या अक्षरात एक पाचवा तुकडा होता: 'झिरो विड्थ नॉन जॉइनर', म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, 'इथे जोडू नको' असं सांगणारं चिन्ह. हे पाच तुकडे त्या क्रमाने आले की ॲपलच्या 'कोअर टेक्स्ट' या भागात मेमरीची गडबड व्हायची. आयमेसेजच नाही, तर आयफोनवरचं व्हॉट्सॲप आणि मेसेंजरही कोसळायचं, कारण अक्षरं काढायला सगळे तीच यंत्रणा वापरत होते. आयओएस (आयफोनची सिस्टिम) ११.२.६मध्ये ती दुरुस्त झाली. ज्यांची लिपी जोडाक्षरांची आहे, त्यांनी हे नीट लक्षात ठेवायला हवं: चूक अक्षरात नव्हती, लिपीत नव्हती, यंत्रणेत होती.

त्याआधी मे २०१५मध्ये अरबी, देवनागरी आणि चिनी चिन्हांची सरमिसळ असलेली एक ओळ अशीच फिरली होती. ती तर नोटिफिकेशनच्या पट्टीत आली तरी आयफोन रीस्टार्ट व्हायचा, मेसेज उघडायचीही गरज नव्हती.

दरवेळी दोष अक्षरांचाच असतो असं नाही. जानेवारी २०१८मध्ये एक लिंक फिरली. ती आली की फोन तिचा प्रिव्ह्यू, म्हणजे पानाची छोटी झलक, तयार करायला जायचा, त्या पानाच्या माहितीत लाखो निरुपयोगी अक्षरं भरून ठेवलेली असायची आणि मेसेजेस ॲप गोठायचं. 'पिजिन' या जुन्या चॅट सॉफ्टवेअरमध्ये तर मेसेजवरची वेळच घातक ठरली होती. कुणी फार दूरच्या भविष्यातली तारीख घालून मेसेज पाठवला की पिजिन बंद. त्याच सुमाराच्या दुसऱ्या एका चुकीत खूप लांब लिंकवर माउस नुसता नेला तरी ते कोसळायचं. जानेवारी २०१४च्या २.१०.८ आवृत्तीत या दोन्ही चुका बुजवल्या गेल्या.

आणि २०१९मध्ये 'चेक पॉइंट' या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी व्हॉट्सॲपमध्ये एक दोष दाखवला. ग्रुपच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या फोन नंबराच्या जागी अंक सोडून दुसरंच अक्षर घातलं की ग्रुपमधल्या सगळ्यांचं ॲप कोसळत राहायचं. ॲप नव्याने टाकून तो ग्रुपच काढावा लागे. यासाठी हल्लेखोर त्या ग्रुपचा सदस्य असावा लागे, हे मुद्दाम लक्षात घ्या, पुढे ते उपयोगी पडेल. आवृत्ती २.१९.५८मध्ये हा दोष दूर झाला.

पायरी १: पुन्हा पुन्हा उघडू नका

तीन वेळा बंद पडलं म्हणजे चौथ्यांदाही पडणारच. त्यापेक्षा कागदावर तीन गोष्टी लिहा: किती वाजता सुरू झालं, शेवटी कोणतं चॅट उघडलं होतं, आणि त्यात काही वेगळं दिसलं का: अनोळखी लिंक, चौकोन-ठिपके, न संपणारा मेसेज, नाव नसलेली फाइल. पुढच्या प्रत्येक पायरीवर या तीन ओळी लागतात.

आणि तो मेसेज 'बघ ना, गंमत' म्हणून कुणाला फॉरवर्ड करू नका. तपासून पाहायलाही नको.

पायरी २: मेसेजचाच दोष आहे का, ते पाहा

प्रत्येक बंद पडणारं ॲप हल्ल्याचं बळी नसतं. २२ मार्च २०२१ला अँड्रॉइडवर एकाच दिवशी असंख्य लोकांची जीमेलसकट अनेक ॲप बंद पडू लागली होती. कारण होतं 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' या भागाचं बिघडलेलं अपडेट. ते दुरुस्त झाल्यावर सगळं सुरळीत झालं. तेव्हा स्वतःला हे प्रश्न विचारा:

एकच ॲप बंद पडतंय की बरीच? बरीच असतील तर फोनच्या सिस्टिमकडे बघा, मेसेजकडे नाही.

फोनची जागा भरली आहे का? डेटाबेस लिहायला जागा उरली नाही तरी मेसेजिंग ॲप असंच वागतं.

ॲप उघडतं, पण एकच ठरावीक चॅट उघडल्यावर पडतं का? तसं असेल तर मेसेजवरचा संशय पक्का.

त्या ग्रुपमधल्या इतरांनाही तोच त्रास होतोय का? एखाद्याला फोन करून विचारा. तिघा-चौघांचं ॲप त्याच वेळेपासून बंद पडत असेल तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

पायरी ३: दुसऱ्या वाटेने आत शिरा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. घातक मेसेज बहुधा एका विशिष्ट प्रणालीवरच काम करतो. आयफोनची अक्षरयंत्रणा पाडणारा मेसेज विंडोज संगणकाच्या ब्राउझरला सहसा काहीच करत नाही (मॅकवर मात्र ॲपलचीच यंत्रणा असते). म्हणून फोनला हात न लावता संगणकावरून आत जा. व्हॉट्सॲप वेब, टेलिग्राम डेस्कटॉप, जे आधीपासून जोडलेलं असेल ते उघडा, ते चॅट शोधा आणि मेसेज 'डिलीट फॉर मी' करा. वैयक्तिक चॅट असेल आणि त्यात जपण्यासारखं काही नसेल, तर सरळ पूर्ण चॅट काढा. मग फोनवर इंटरनेट सुरू ठेवून थोडा वेळ द्या, म्हणजे बदल फोनपर्यंत पोचेल.

ग्रुप असेल तर ॲडमिनला गाठा. व्हॉट्सॲपमध्ये ॲडमिन दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी काढू शकतो. पाठवणारा ओळखीचा असेल आणि त्यानेही नकळत फॉरवर्ड केलं असेल, तर त्याला 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायला सांगा. त्याला मुदत असते, त्यामुळे हे त्याच दिवशी सांगा.

संगणक जोडलेलाच नसेल तर अडचण खरी आहे, कारण नवीन जोडायचा तर फोनवरचं ॲप उघडावं लागतं. म्हणूनच हा लेख वाचत असताना तुमचं ॲप नीट चालत असेल, तर आजच एक संगणक जोडून ठेवा. व्हॉट्सॲपचा मुख्य फोन १४ दिवसांपेक्षा जास्त वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात, तेवढं ध्यानात असू द्या.

आडवाटाही असतात. २०१५च्या त्या आयफोनच्या वेळी ॲपलनेच सांगितलं होतं: सिरीला, म्हणजे आयफोनच्या आवाजी मदतनीसाला, न वाचलेले मेसेज वाचायला सांगा, सिरीकडूनच त्याला उत्तर पाठवा, मग मेसेजेस उघडेल आणि ते संभाषण काढून टाकता येईल. उत्तर गेलं की यादीतला शेवटचा मेसेज तो घातक मेसेज राहत नाही, तुमचं उत्तर होतं. ही युक्ती इतरत्रही चालू शकते: त्या चॅटमध्ये दुसऱ्या कुणालातरी पाच-दहा साधे मेसेज पाठवायला सांगा. यादी उघडू लागली, की चॅटच्या आत न जाता त्यावर बोट दाबून धरा आणि चॅट डिलीट करा.

पायरी ४: अपडेट करा, दोन्ही

ॲपही आणि फोनची सिस्टिमही. अपडेटने चॅट जात नाहीत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. दोन्ही का, ते वरच्या उदाहरणांतच आहे. तेलुगू अक्षराच्या वेळी व्हॉट्सॲप कितीही अपडेट केलं तरी दोष सिस्टिमचा होता. ग्रुपच्या दोषात उलटं, सिस्टिम ठीक होती आणि ॲप सुधारावं लागलं. दोष कुठला हे आपल्याला बाहेरून कळत नाही.

फोनच चालू होईनासा झाला तर? २०१९मध्ये गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो' या दोष शोधणाऱ्या गटाने आयमेसेजमधला असा एक दोष उघड केला होता. त्यात आयफोनचा होम स्क्रीन दाखवणारा 'स्प्रिंगबोर्ड' हा भागच वारंवार कोसळायचा आणि फोन वापरता येत नसे. आयओएस १२.३मध्ये तो बुजवला गेला. अशा वेळी आयफोन संगणकाला जोडून रिकव्हरी मोडमध्ये नेता येतो. तिथे दोन बटणं दिसतात, 'अपडेट' आणि 'रिस्टोर'. आधी 'अपडेट'च दाबा. त्यात सिस्टिम नवी होते आणि तुमची माहिती राहते. 'रिस्टोर' सगळं पुसतं.

पायरी ५: शेवटचा उपाय, आणि त्यातले खड्डे

वरचं काहीच जमलं नाही तर ॲप काढून नव्याने टाकणं उरतं. त्याआधी तीन गोष्टी तपासा.

अँड्रॉइडच्या ॲप माहितीत 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' अशी बटणं शेजारी-शेजारी असतात. पहिलं फक्त तात्पुरत्या फायली पुसतं, ते निर्धोक आहे, बिनधास्त करून पाहा. दुसरं म्हणजे अनइन्स्टॉल केल्यासारखंच. फोनमधली सगळी चॅट जातात. घाईत लोक चुकतात ते नेमके इथे.

बॅकअपची तारीख पाहा. ॲप उघडत नसेल तर क्लाउड खात्यात जाऊन पाहा. बॅकअप फार जुना असेल, तर दुरुस्तीचं अपडेट येण्याची दोन-तीन दिवस वाट पाहणं आठ महिन्यांच्या चॅटपेक्षा स्वस्त पडतं. तोवर महत्त्वाच्या लोकांना साध्या एसएमएसने कळवा की मी या ॲपवर नाही.

तिसरी गोष्ट फार कुणी सांगत नाही. बॅकअप घातक मेसेज आल्यानंतर घेतला गेला असेल, तर रिस्टोर केल्यावर तो मेसेजही परत येईल आणि सगळं पहिल्यापासून. पायरी १मध्ये लिहिलेली वेळ इथे कामाला येते. बॅकअप त्याआधीचा असेल तर उत्तम. नंतरचा असेल तर आधी ॲप अपडेट झाल्याची खात्री करा, मगच रिस्टोर.

पायरी ६: कळवा, पण योग्य जागी

ॲप का कोसळलं याची नोंद फोन ठेवतो. आयफोनवर 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'ॲनॅलिटिक्स अँड इम्प्रूव्हमेंट्स', त्यात 'ॲनॅलिटिक्स डेटा'. तिथे ॲपच्या नावाने आणि तारखेने सुरू होणाऱ्या फायली दिसतील. अँड्रॉइडवर 'डेव्हलपर ऑप्शन्स' सुरू करून 'बग रिपोर्ट' घेता येतो. त्यात 'फेटल एक्सेप्शन' ही ओळ शोधा. तिच्याखाली 'आउट ऑफ मेमरी' असेल तर मेमरी संपली, 'स्टॅक ओव्हरफ्लो' असेल तर कोड स्वतःलाच हाका मारत खोल अडकला, 'नल पॉइंटर' असेल तर जिथे काहीतरी असायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं. एवढं कळलं तरी तुमचं पत्र शंभरांत उठून दिसेल. मात्र बग रिपोर्टमध्ये तुमच्या फोनची बरीच खासगी माहिती असते. तो फक्त ॲप बनवणाऱ्यांना द्या, ग्रुपवर टाकू नका.

मोठ्या कंपन्यांची सुरक्षा-दोष कळवण्याची वेगळी पानं असतात. अनेक संकेतस्थळांवर 'सिक्युरिटी डॉट टीएक्सटी' नावाची फाइल असते आणि संपर्क त्यातच दिलेला असतो. तो घातक मजकूर मात्र जाहीर लिहू नका. दुरुस्तीला वेळ द्यायचा ही पद्धत उगीच पडलेली नाही. प्रोजेक्ट झीरो साधारण ९० दिवस देतो, कारण तेवढ्यात दुरुस्ती तयार व्हावी, आणि ती वेळेत झाली तर लोकांपर्यंत पोचायला आणखी ३० दिवस थांबतो. तुम्ही आज जाहीर केलेली ओळ उद्या कुणाच्या तरी आजारी माणसाच्या घरच्या ग्रुपवर पडू शकते.

आधीच करून ठेवायच्या गोष्टी

ग्रुपच्या दोषात हल्लेखोर ग्रुपमध्ये असावा लागत होता, हे आठवतंय ना? म्हणून व्हॉट्सॲपच्या 'प्रायव्हसी'मधल्या 'ग्रुप्स'मध्ये जा आणि 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा, म्हणजे कुणीही अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर ग्रुपमध्ये ओढणार नाही. फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दाखवणं बंद करा. व्हॉट्सॲपच्या 'ॲडव्हान्स्ड' भागात लिंक प्रिव्ह्यू बंद करायची सोय आहे. पत्रकार, कार्यकर्ते अशा कुणाला मुद्दाम लक्ष्य केलं जाण्याची भीती असेल, तर आयफोनवर आयओएस १६पासून आलेला 'लॉकडाउन मोड' वापरा. त्यात मेसेजसोबत येणाऱ्या बहुतेक प्रकारच्या फायली आणि लिंक प्रिव्ह्यू बंद होतात. रोजच्या वापरासाठी मात्र तो फार आवळलेला आहे, सगळ्यांनी सुरू करावा असं मी म्हणणार नाही.

स्वतःचा चॅट सर्व्हर चालवत असाल तर

संस्थेसाठी किंवा मित्रमंडळींसाठी प्रॉसडी किंवा ईजॅबरडी ही चॅट सर्व्हरची सॉफ्टवेअर चालवणारे नवखे लोक मला बरेच भेटतात. तुमच्याकडे एक मेसेज एका माणसाला नाही, सगळ्यांना पाडतो. हे सर्व्हर एक्सएमपीपी या चॅटच्या नियमावलीवर चालतात. तिचे मेसेज एक्सएमएल या खुणांनी मजकूर बांधायच्या पद्धतीत असतात, आणि एक्सएमएलचा एक जुना बॉम्ब आहे, 'बिलियन लाफ्स'. पहिल्या ओळीत 'लोल' हा तीन रोमन अक्षरांचा शब्द. दुसरी ओळ म्हणते, पहिली दहा वेळा. तिसरी म्हणते, दुसरी दहा वेळा. असं नऊ वेळा दहापट केलं की एक अब्ज 'लोल' होतात. लिहिलेला मजकूर एक केबीच्या आसपास, उलगडला की सुमारे ३ जीबी. २०११च्या आरएफसी ६१२० या मानक दस्तऐवजाने एक्सएमपीपीमध्ये अशा व्याख्यांवरच बंदी घातली आहे, पण तुमचं सॉफ्टवेअर ती बंदी खरंच पाळतंय का, हा वेगळा प्रश्न. २०१४मध्ये याच जातीचा दुसरा दोष निघाला. दाबून लहान केलेला डेटा सर्व्हरने उलगडायला घेतला की मेमरी संपायची. प्रॉसडी, ओपनफायर असे बरेच सर्व्हर त्यात सापडले होते.

म्हणून हे करा. कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा दाबून लहान करणं, बंद ठेवा. एका मेसेजच्या आकाराला मर्यादा घाला: क्लायंटकडून, म्हणजे वापरणाऱ्याच्या ॲपकडून, येणाऱ्याला २५६ केबी आणि दुसऱ्या सर्व्हरकडून येणाऱ्याला ५१२ केबी ही चांगली सुरुवात आहे. आरएफसीनुसार ही मर्यादा १०,००० बाइटांच्या खाली नेता येत नाही, त्यामुळे फार आवळू नका. दर सेकंदाला किती डेटा घ्यायचा याचीही मर्यादा लावा, प्रॉसडीत 'लिमिट्स' मॉड्यूल आणि ईजॅबरडीत 'शेपर' त्यासाठीच आहेत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर त्या प्रक्रियेला मेमरीची कमाल मर्यादा द्या, म्हणजे सर्व्हर पडला तरी त्याच यंत्रावरचं बाकी काही पडणार नाही.

सॉफ्टवेअरच्या सुरक्षा-सूचना मागवून घ्या आणि त्या वाचायला शिका. जाहीर झालेल्या बहुतेक दोषांना 'सीव्हीई' हा ओळख-क्रमांक असतो, पिजिनच्या त्या तारखेच्या दोषाचा क्रमांक सीव्हीई-२०१३-६४७७. सूचनेत तीन गोष्टी बघा. तुमची आवृत्ती यादीत आहे का? हल्ल्यासाठी लॉगिन लागतं का? वापरणाऱ्याने काही दाबावं लागतं का? लांबून, लॉगिनशिवाय, कुणी काही न दाबता सेवा पूर्ण बंद पाडता येत असेल, तर 'सीव्हीएसएस' ३.१ या दोषाची तीव्रता मोजणाऱ्या पद्धतीत गुण ७.५ येतात आणि सूचनेवर 'हाय' असं लिहिलेलं असतं. ते दिसलं की शनिवार-रविवारची वाट पाहू नका. बॅकअप घ्या, वापरणाऱ्यांना दहा मिनिटं सेवा बंद राहील असं कळवा आणि त्याच संध्याकाळी अपडेट करा.